खारपाणपट्ट्यातलं डायलिसिसचं पाणी आणि एंडोटॉक्सिनची चाचणी

मिनिटाला ५०० मिली या हिशेबाने डायलिसिसच्या चार तासांत साधारण १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताजवळून वाहून जातं. मध्ये असतो फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळीचा, पातळ पडदा. दर्यापूर, तेल्हारा, अकोट या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की खारं लागतं. त्यामुळे युनिटमध्ये सगळ्यांचं लक्ष आरओच्या मीटरवर असतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज वाहण्याचं प्रमाण) किती, हे रोज नोंदवहीत चढतं आणि क्षार वाढला तर लगेच कळतं. एंडोटॉक्सिनचं तसं नाही. ते कंडक्टिव्हिटीत दिसत नाही, पाणी गढूळ करत नाही, वासही देत नाही. पेशंट मशीनवर घेतल्यावर तासाभरात थंडी वाजून कुडकुडायला लागला, ताप चढला, आणि मशीन थांबवल्यावर काही तासांत उतरला, म्हणजे शंका घ्यायची ती पाण्यातल्या एंडोटॉक्सिनवर.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात जे लायपोपॉलिसॅकराइड असतं, तेच एंडोटॉक्सिन. त्यातला लिपिड-ए हा भाग ताप आणतो. जिवाणू मरून फुटला की ते जास्तच सुटं होतं, आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, १२१ अंशांना दाद देत नाही. म्हणून कल्चरचा रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा आला तरी पाणी एंडोटॉक्सिनमुक्त आहे असं म्हणता येत नाही. कल्चर जिवंत जिवाणू मोजतं, मेलेल्यांनी मागे काय ठेवलं ते मोजत नाही. दोन्ही चाचण्या लागतात, एक दुसरीची जागा घेत नाही.

हे येतं कुठून, तर बहुतेक वेळा बोअरमधून थेट नाही, युनिटच्या आतूनच. आरओच्या आधी कार्बनच्या टाक्या असतात, त्या क्लोरीन आणि क्लोरामाइन काढतात. ते काढावंच लागतं, नाहीतर लाल पेशी फुटतात. एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पण एकदा क्लोरीन गेलं की पुढच्या पाण्याला राखणदार उरत नाही. कार्बनवर जिवाणू वाढतात. आरओचा पडदा बरंच अडवतो, पण आरओनंतरची साठवण टाकी, वाकड्यातिकड्या जोडलेल्या पाइपचे बंद फाटे आणि मशीनपर्यंत जाऊन परत येणारा पाइपचा लूप यांत बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, धरतो. तो तुकड्यातुकड्याने सुटत राहतो. म्हणून एकाच जागेचा नमुना आज कमी आणि परवा जास्त दाखवतो, आणि त्यात प्रयोगशाळेची चूक असतेच असं नाही.

आंतरराष्ट्रीय आयएसओ २३५०० मालिकेनुसार डायलिसिसच्या साध्या पाण्यात एंडोटॉक्सिन मिलीलिटरला ०.२५ ईयूपेक्षा कमी आणि जिवाणू १०० वसाहतींपेक्षा (कल्चरमध्ये वाढून दिसणाऱ्या ठिपक्यांपेक्षा) कमी हवेत. हालचाल मात्र आधीच करायची असते : ०.१२५ ईयू आणि ५० वसाहतींना. अतिशुद्ध डायलिसिस-द्रवाची अट याहून कडक, ०.०३ ईयू आणि ०.१ वसाहत. ईयू म्हणजे एंडोटॉक्सिन युनिट. हे वजनाचं माप नाही, परिणामाचं आहे, कारण वेगवेगळ्या जिवाणूंचं सारख्याच वजनाचं एंडोटॉक्सिन सारखा ताप आणत नाही.

कुठली पद्धत

पूर्वी सशांवर चाचणी व्हायची : द्रव शिरेतून टोचायचा आणि तीन तास ताप बघायचा. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी नोंदवलं की हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या समुद्री प्राण्याच्या रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू गेले की ते गोठतं, आणि १९६४ मध्ये जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी त्याची चाचणी बसवली. त्या रक्तपेशींचा अर्क म्हणजे लायसेट. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या लिम्युलस या जातीपासून केला तर त्याला एलएएल (लिम्युलस अमीबोसाइट लायसेट) म्हणतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर या प्राण्याची आशियाई भावंडं सापडतात. अर्कातला फॅक्टर-सी नावाचा घटक एंडोटॉक्सिनने जागा होतो, तो फॅक्टर-बीला जागं करतो, तो पुढच्या विकराला, आणि शेवटी कोअॅग्युलोजेनचं कोअॅग्युलिन होऊन जेल बनतं.

याच साखळीवर तीन प्रकार उभे आहेत. जेल-क्लॉटमध्ये गुठळी झाली की नाही एवढंच बघतात. टर्बिडिमेट्रिकमध्ये गढूळपणा किती वेळात येतो ते यंत्र मोजतं. क्रोमोजेनिकमध्ये पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला वाचतात. शेवटच्या दोन पद्धतींना तापमान धरणारा प्लेट-रीडर, सॉफ्टवेअर आणि प्रत्येक वेळी प्रमाण-वक्र (माहीत ताकदीच्या द्रावणांचा आलेख) लागतो, ज्याचा सहसंबंध गुणांक किमान ०.९८० यावा लागतो. महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने येणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणी हे यंत्र घेणं म्हणजे पैसे मातीत घालणं. कार्ट्रिजचं हातात मावणारं यंत्र मिळतं. त्याच्या चार खाचांत प्रत्येकी २५ मायक्रोलिटर नमुना घालायचा, पाव तासात आकडा येतो, स्पाइकही, म्हणजे पडताळ्यासाठी मुद्दाम घातलेलं ठरावीक एंडोटॉक्सिनही, आतच असतो. काम फार सुटसुटीत, पण दर चाचणीचा खर्च जड आणि कार्ट्रिजची थंड साखळी सांभाळावीच लागते. प्राण्याचं रक्त न वापरणारा, प्रयोगशाळेत बनवलेला रिकॉम्बिनंट फॅक्टर-सीही आता आहे. युरोपियन फार्माकोपियाने (औषधांच्या निकषांच्या ग्रंथाने) २०२१ पासून त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. पण त्यालाही प्रकाश मोजणारा रीडर हवाच.

म्हणून आमचा कौल जेल-क्लॉटला. यंत्र म्हणून ३७ अंशांचा ड्राय ब्लॉक (नळ्या तापवणारा धातूचा ठोकळा) आणि व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) पुरतो. शिवाय ही पद्धत बिघडली की आपण होऊन सांगते. कंट्रोल, म्हणजे काय यायला हवं ते आधीच माहीत असलेल्या नळ्या, जागेवर आले नाहीत तर त्या दिवसाचा निकाल नाही, विषय संपला. लाइन कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा गुण मोठा आहे.

किट मागवताना संवेदनशीलता बघायची. गुठळी व्हायला निदान किती एंडोटॉक्सिन लागतं ते तिच्यावरून कळतं. तिला लॅम्डा म्हणतात, आणि ०.०३, ०.०६, ०.१२५, ०.२५ ईयू अशा मापांत लायसेट मिळतं. साध्या डायलिसिसच्या पाण्याला ०.१२५ चं सोयीचं पडतं. न पातळ केलेला नमुना निगेटिव्ह आला तर पाणी ०.१२५ च्या खाली, म्हणजे ठीक. पॉझिटिव्ह आला तर दुप्पट पातळ करून लावायचा. तोही पॉझिटिव्ह, तर ०.२५ किंवा जास्त, मर्यादा ओलांडली. एकाच किटमध्ये दोन्ही प्रश्नांची उत्तरं. त्याची गैरसोय अशी की किती पातळ करता येईल त्याची हद्द मर्यादा भागिले लॅम्डा, म्हणजे फक्त २ पट आहे. नमुन्यात चाचणी दाबणारं काही असेल तर पातळ करून सुटायला जागा उरत नाही. ०.०३ च्या लायसेटला ती जागा ८ पटींची मिळते. जंतुनाशकाचा अंश राहण्याची शंका असेल तिथे आम्ही ०.०३ वापरतो.

मार्च ते जून किट मागवण्याचं एक तंत्र आहे. सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवायला सांगायचं. शुक्रवारी निघालेला खोका रविवारभर कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडतो आणि जेलपॅक कोमट होऊन हातात येतो. लायसेट गोठवून सुकवलेलं असल्याने थोड्या उन्हाने लगेच मरत नाही, पण त्याची संवेदनशीलता लेबलवर लिहिली तेवढीच राहिली याची हमी उरत नाही. ती तपासायची रीत ठरलेली आहे : २ लॅम्डा, १ लॅम्डा, अर्धा आणि पाव लॅम्डा अशी चार द्रावणं, प्रत्येकाच्या चार नळ्या, सोबत निगेटिव्ह कंट्रोल. शेवटच्या पॉझिटिव्ह सांद्रतांचा भूमितीय मध्य अर्ध्या लॅम्डापासून दोन लॅम्डाच्या आत आला तर लॉट (एका खेपेत बनलेला माल) वापरायचा. प्रत्येक नव्या लॉटला हे करावंच लागतं. उन्हात तापून आलेल्या खोक्यालाही करायचं.

काच, पाणी आणि कापूस

या चाचणीतल्या बहुतेक खोट्या पॉझिटिव्हचं मूळ नमुन्यात नसतं, भांड्यात असतं. १६० अंशांना दोन तास ठेवलेली नळी निर्जंतुक होते, एंडोटॉक्सिनमुक्त होत नाही. त्यासाठी कोरडी उष्णता २५० अंश, किमान ३० मिनिटं हवी. लहान प्रयोगशाळांतली बरीच हॉट-एअर ओव्हन २५० ला जेमतेम पोचतात, आणि डायलवर २५० दिसलं तरी मधल्या रॅकमधल्या नळ्या मागेच असतात. घड्याळ लावायचं ते नळ्यांमध्ये ठेवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) २५० दाखवल्यावर. ओव्हन खरंच काम करतं का हे बघायला १००० ईयू किंवा जास्त एंडोटॉक्सिन सुकवलेली इंडिकेटर नळी लोडमध्ये ठेवतात. ती हजार पटींनी उतरली पाहिजे. एवढी खटपट नको असेल तर १० बाय ७५ मिलिमीटरच्या प्रमाणित पायरोजेनमुक्त (ताप आणणारं काही नसलेल्या) नळ्या विकत घ्याव्यात. आम्ही नळ्या विकत घेतो आणि ओव्हनमध्ये फक्त नमुन्याच्या काचेच्या बाटल्या भाजतो.

भाजताना तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल, दुहेरी. कापसाचा बोळा चुकूनही नाही. कापसाच्या गावात बोळा लावायची सवय हाताला असते, पण २५० अंशांना तो करपतो, आणि न करपलेला कापूस याहून त्रासदायक. सेल्युलोजमधून येणारी बीटा-ग्लुकॅन नावाची शर्करासाखळी फॅक्टर-जी या आडवाटेने त्याच साखळीला जागं करतात, आणि एंडोटॉक्सिन नसताना गुठळी होते. सेल्युलोजचे फिल्टर, कागदी पुसणी, पावडर लावलेले हातमोजे यांचंही तेच. शंका असेल तर बीटा-ग्लुकॅन रोखणारं बफर मिळतं, लायसेट त्यात विरघळवायचं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत जी रुईची भुकणी फिरते, तिच्यात खरं एंडोटॉक्सिनही असतं, कारण कापसावर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू राहतातच. जिनिंगजवळच्या इमारतीत खिडकी उघडी ठेवून नळ्यांची फॉइल काढू नये.

कुलरचं प्रकरण वेगळंच आहे. कुलरची टाकी, ओल्या ताट्या आणि त्यातून येणारी दमट हवा हे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं घर. चाचणीच्या खोलीत कुलर चालवायचा नाही, चाचणी सुरू व्हायच्या आधीसुद्धा नाही. पंखाही बंद.

पातळ करायला लागणारं एंडोटॉक्सिन नसलेलं पाणी लायसेटसोबत मिळतं, त्याला एलआरडब्ल्यू म्हणतात. ते संपलं की इंजेक्शनचं ॲम्प्युलमधलं पाणी वापरायचा मोह होतो. इंजेक्शनच्या पाण्याला मिलीलिटरला ०.२५ ईयूपर्यंत मुभा आहे. म्हणजे कायद्याने पास झालेलं ॲम्प्युल ०.१२५ च्या लायसेटला पॉझिटिव्ह देऊ शकतं. शिवाय काही बाटल्यांत जंतुरोधक घातलेलं असतं. एलआरडब्ल्यूच वापरायचं. पिपेटच्या टिप्स ‘स्टराइल’ लिहिलेल्या चालत नाहीत, ‘पायरोजेन-फ्री’ लिहिलेल्या लागतात.

नमुना घेताना

नमुना सर्वांत वाईट वेळेचा घ्यायचा. रविवारी युनिट बंद असतं, लूपमधलं पाणी थांबलेलं असतं, रात्री लाइन गेली असेल तर पंपही थांबलेला. म्हणून सोमवारी सकाळी, पहिली पाळी लागायच्या आधी. महिन्याचं जंतुनाशक फिरवायचं असेल तर ते फिरवण्यापूर्वी. जंतुनाशक फिरवून दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना फक्त कागद चांगला दाखवतो.

जागा निदान तीन : आरओ पडद्यानंतर लगेच, साठवण टाकीच्या बाहेर पडताना, आणि लूपच्या परतीच्या टोकाला. एकच परवडत असेल तर परतीचं टोक. तिन्ही घेतले तर दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात. आरओनंतर निगेटिव्ह आणि टाकीनंतर पॉझिटिव्ह असेल तर टाकी उघडायची : तळ शंकूचा आहे का, झाकणाला ०.२ मायक्रॉनचा हवेचा फिल्टर आहे का, की पाखरं जाऊ नयेत म्हणून नुसती जाळी लावली आहे.

पोर्ट, म्हणजे नमुना घ्यायचा नळ, ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यायचा. मग पूर्ण उघडून निदान एक मिनिट पाणी जाऊ द्यायचं आणि नळ पुन्हा न हलवता वाहत्या धारेतून बाटली भरायची. नळ फिरवला की त्याच्या आतला थर सुटतो. बाटली भाजलेल्या काचेची किंवा प्रमाणित पॉलिस्टायरीनची. पॉलिप्रॉपिलीनच्या भिंतीला एंडोटॉक्सिन चिकटतं आणि निकाल खोटा कमी येतो. कल्चरची बाटली वेगळी. थायोसल्फेट (क्लोरीन निकामी करणारं रसायन) घातलेली निर्जंतुक बाटली एंडोटॉक्सिनसाठी वापरायची नाही. दहा मिली नमुना भरपूर झाला.

न्यायला लसीकरणाचा कॅरिअर उत्तम. आशाताई, एएनएम ताई जसे आइसपॅक कंडिशन करून घेतात, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच, तसंच इथेही. नाहीतर कडेची बाटली गोठून तडकते. २ ते ८ अंशांत ठेवून चोवीस तासांच्या आत लावायचं. चाचणीपूर्वी नमुना खोलीच्या तापमानाला आणून जोरात व्होर्टेक्स करायचा, कारण थंडीत उभा राहिलेला नमुना काचेला चिकटतो.

एका नमुन्याच्या आठ नळ्या

प्रमाण एंडोटॉक्सिन, म्हणजे ताकद आधीच माहीत असलेलं, लायसेटच्या लॉटशी जुळवलेलं असतं. त्याच्या प्रमाणपत्रावर किती मिली पाणी घालायचं ते लिहिलेलं असतं. पाणी घातल्यावर १५ मिनिटं व्होर्टेक्स. हा वेळ कमी करायला सगळ्यांचा हात शिवशिवतो. एंडोटॉक्सिनचे रेणू आपापसांत गुच्छ करतात आणि काचेला धरतात. नीट सुटे झाले नाहीत तर पुढची सगळी गणितं खोटी. समजा १०० ईयूचं द्रावण झालं. ०.५ मिली अधिक ४.५ मिली एलआरडब्ल्यू, झालं १० ईयू. त्यातलं १ मिली अधिक ३ मिली, झालं २.५. त्यातलं ०.५ अधिक ४.५, झालं ०.२५, म्हणजे ०.१२५ च्या लायसेटसाठी २ लॅम्डा. प्रत्येक पायरीला नवी टिप आणि एक मिनिट व्होर्टेक्स. मोठी उडी मारून ५० मायक्रोलिटरमधून थेट शेवटच्या द्रावणाला जाऊ नये, पिपेटची छोटी चूक तिथे मोठी होते.

आता नळ्या. नमुना, दोन नळ्या. नमुन्यात २ लॅम्डा मिसळलेला स्पाइक, दोन. एलआरडब्ल्यूमध्ये २ लॅम्डा, हा पॉझिटिव्ह कंट्रोल, दोन. नुसतं एलआरडब्ल्यू, निगेटिव्ह कंट्रोल, दोन. त्याच लॉटने त्याच वेळी दुसरा नमुना लावला तर त्याच्या चारच नळ्या वाढतात. स्पाइक करायला ०.९ मिली नमुन्यात २.५ ईयूचं ०.१ मिली घालायचं. प्रत्येक नळीत ०.१ मिली द्रव घालायचा. निगेटिव्ह आधी, स्पाइक आणि पॉझिटिव्ह शेवटी, म्हणजे उडालेला थेंब उलट्या दिशेने जात नाही.

लायसेट सगळ्यात शेवटी उघडायचं. धातूचं सील काढण्याआधी बाटली टेबलावर टिचकीने आपटून पावडर खाली आणायची, लेबलवर लिहिलेलं पाणी भिंतीवरून सोडायचं आणि हाताने सावकाश गोल फिरवायचं. व्होर्टेक्स नाही, फेस आला की प्रथिनं बिघडतात. प्रत्येक नळीत ०.१ मिली घालून हलकं हलवायचं आणि लगेच ब्लॉकमध्ये. उरलेलं लायसेट उणे २० ला एकदाच गोठवता येतं, तेही उत्पादकाने परवानगी दिली असेल तर. आमच्याकडे डीप फ्रीजरवर विसंबायची सोय नाही, म्हणून कमी नमुने असले की एका चाचणीच्या कुप्या वापरतो. त्यांत सुकलेलं लायसेट आधीच असतं, ०.२ मिली नमुना थेट आत घालायचा.

पुढे ३७ अंश, एक अंश इकडेतिकडे चालतो, आणि ६० मिनिटं, दोन मिनिटं इकडेतिकडे. विदर्भात मे महिन्यात खरी पंचाईत इथे होते. ड्राय ब्लॉक फक्त तापवतो, थंड करत नाही. खोली ४० अंशांना असेल तर ब्लॉक ३७ वर येणारच नाही, पडद्यावर त्याने काहीही दाखवलं तरी. बहुतेक ब्लॉकना खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा निदान पाच अंश थंड लागते. म्हणून एसी असलेली खोली हवी, किंवा मग पहाटेची वेळ. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत आम्ही सकाळी सात वाजता नळ्या ब्लॉकमध्ये जातील असा बेत ठेवतो, लाइन जायची शक्यताही तेव्हा कमी. ब्लॉकमध्ये पाणी भरलेल्या नळीत वेगळा थर्मामीटर ठेवायचा आणि सुरुवातीचा, मधला, शेवटचा आकडा लिहायचा. ब्लॉक यूपीएसवर. लाइन जाऊन तापमान ३६ च्या खाली गेलं तर चाचणी रद्द, वेळ वाढवून भरपाई करायची नाही.

त्या तासात नळीला हात लावायचा नाही. अर्धवट बनलेलं जेल एकदा तुटलं की पुन्हा जुळत नाही. त्याच ओट्यावर फ्रिज, सेंट्रिफ्यूज असेल, किंवा भिंतीपलीकडे जनरेटर धडधडत असेल, तर पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा निगेटिव्ह दिसतो. वेगळं जड टेबल, आणि ब्लॉकखाली रबराचा जाड तुकडा.

तास झाला की एकेक नळी उचलून एकाच संथ हालचालीत १८० अंश उलटी करायची. जेल घट्ट कवडीच्या दह्यासारखं तळाला धरून राहिलं तर पॉझिटिव्ह. घसरलं, सुटलं, नुसतं चिकट ओघळलं तर निगेटिव्ह. ‘थोडंसं घट्ट वाटतंय’ हाही निगेटिव्हच. दुसऱ्यांदा उलटून बघायची सोय नाही, म्हणून वाचणारा आणि लिहिणारा अशी दोन माणसं असली तर बरं.

निकाल कधी निकाल होतो

निगेटिव्ह कंट्रोलमध्ये गुठळी झाली तर बाकीच्या नळ्या बघायच्याच नाहीत. दोष टिप्स, नळ्या किंवा एलआरडब्ल्यूमध्ये. एकाच वेळी सगळं बदलू नये, नाहीतर कारण कधीच सापडत नाही. आधी नवी सीलबंद एलआरडब्ल्यूची बाटली उघडून बघावी. पॉझिटिव्ह कंट्रोल निगेटिव्ह आला तर लायसेट, प्रमाण द्रावण, तापमान किंवा धक्का. हे दोन्ही कंट्रोल बरोबर, नमुना निगेटिव्ह, पण स्पाइकची नळीही निगेटिव्ह : हा सगळ्यात फसवा प्रकार. नमुन्यात एंडोटॉक्सिन मुद्दाम घातलं आणि चाचणीला ते दिसलं नाही, म्हणजे नमुन्यातलं काहीतरी चाचणी दाबतंय. डायलिसिसच्या पाण्यात ते बहुतेक वेळा राहिलेलं पेरॲसेटिक ॲसिड, हायपोक्लोराइट किंवा आम्लधर्मी पाणी असतं. नमुना आणि लायसेटच्या मिश्रणाचा पीएच ६ ते ८ मध्ये हवा. अशा वेळी हद्दीत राहून पातळ करायचं, किंवा लूप धुऊन नवा नमुना मागवायचा. डायलिसिसच्या द्रवात मिसळायच्या बायकार्बोनेटच्या कॅनमधला नमुना न पातळ करता लावला की असंच होतं, कारण तो अल्कधर्मी आणि खारट असतो. त्या कॅनमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून तोही अधूनमधून तपासायला हवा. ॲसिडच्या कॅनची तेवढी चिंता नाही.

दोन नळ्यांत एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह आली तर पुन्हा लावायचं. मनाने ठरवायचं नाही.

रिपोर्टवर ‘एंडोटॉक्सिन : निगेटिव्ह’ एवढंच लिहू नये. मिलीलिटरला ०.१२५ ईयूपेक्षा कमी, असं लिहायचं. सोबत लॅम्डा, लायसेट आणि प्रमाणाचा लॉट, किती पातळ केलं, स्पाइक मिळाला की नाही, आणि नमुना कुठल्या पोर्टचा, किती वाजताचा. बाहेरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट येत असेल तर स्पाइकची नोंद मागून घ्यावी. ती नसेल तर त्या निगेटिव्हवर लूप चालू ठेवायचा निर्णय घेऊ नये.

आकडा ०.१२५ ते ०.२५ च्या मध्ये आला तर पेशंट थांबवत नाहीत, पण लूपला जंतुनाशक लगेच लावतात आणि नमुना पुन्हा घेतात. ०.२५ वा जास्त असेल तर निर्णय नेफ्रॉलॉजिस्ट आणि युनिटप्रमुखांचा, आणि त्यांना फोन रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी जातो. जंतुनाशकाचं मिश्रण लूपच्या परतीच्या टोकाला पोचलं का ते पट्टीने तपासायचं. बंद फाट्यांचे नळ उघडून तिथेही पोचवायचं. धुतल्यावर अंश उरला नाही हे दुसऱ्या पट्टीने बघायचं. धुण्यात घाई केली तर दोन घोटाळे होतात : मेलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन सुटून आकडा उलट वाढतो, आणि राहिलेलं रसायन स्पाइक दाबतं. त्यामुळे पहिला नमुना पूर्ण धुऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी लागायच्या आधी. तो चांगला आला तरी पुढच्या सोमवारी परतीच्या टोकाचा आणखी एक घ्यायचा. बायोफिल्म उरला असेल तर त्या आठवड्यात तो परत दिसतो, आणि मग पाइपच बदलायचा विषय काढावा लागतो.